खाडीच्या चिखलातलं मेण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाभोळपासून विजयदुर्गापर्यंतच्या खाड्यांतला गाळ काढायचा आणि त्यातल्या सेंद्रिय रेणूंवरून जुनं कोकण कसं होतं ते शोधायचं, हे माझं काम. जेटीवर, शाळांमध्ये, आणि एसटीत गुडघ्यांमध्ये लांब पाइप धरून बसलेली असताना लोक तेच तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. जिथे मला जास्त बोलावंसं वाटलं तिथे जास्त बोलले आहे.

या चिखलात आहे तरी काय, की तुम्ही तो पाइपात भरून नेता?

पहिल्याच दिवशी होडीवाल्या तात्यांनी विचारलं होतं, "बाई, चिकल न्हेऊन काय करनार?" तेव्हा मला धड सांगता आलं नव्हतं. आता सांगते.

दर पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारावरून माती खाली येते. तिच्याबरोबर पानं, गवत, शेण आणि राखही येते. भरतीबरोबर समुद्राकडून डायटम आणि इतर सूक्ष्म शेवाळं आत येतात. काठावरच्या कांदळाची पानं जागीच पडतात. हे सगळं एकावर एक साचत जातं. पान कुजतं, शेवाळ कुजतं, पण त्यांच्यातले काही रेणू फार चिवट असतात. ते कुठल्या जिवाने बनवले हे त्यांच्या रचनेवरून ओळखता येतं. अशा रेणूला मी जैवखूण म्हणते. पाठ्यपुस्तकात जैवचिन्हक असा शब्द सापडेल आणि प्रयोगशाळेत सगळे बायोमार्करच म्हणतात.

रक्ततपासणीत बायोमार्कर म्हणतात, तोच का हा?

शब्द तोच, काम वेगळं. डॉक्टर रक्तातल्या रेणूवरून आजचा आजार ओळखतात, आम्ही गाळातल्या रेणूवरून जुनी झाडं. गंमत अशी की कोलेस्टेरॉल दोघांच्याही यादीत आहे.

इतकी वर्षं हे रेणू टिकतात कसे?

जिवंत पेशीतली साखर, प्रथिनं आणि डीएनए जिवाणूंना आवडतात, ती लवकर संपतात. मेण, चरबी आणि राळ यांच्या गटातले रेणू पाण्यात विरघळत नाहीत आणि जिवाणूंना ते खाण्यात फारसा फायदा नसतो. त्यात कोकणातल्या खाडीचा चिखल वरच्या काही मिलिमीटरनंतर काळाशार होतो. तिथे प्राणवायू नसतो. पाय रुतला की कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तोच आमच्यासाठी शुभशकुन. प्राणवायू नाही म्हणजे कुजणंही सावकाश.

किती सावकाश? १९३० च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला खनिज तेलात पॉर्फिरिन सापडलं आणि ते हरितद्रव्यातून आलं असावं हे त्याने दाखवलं. ऑस्ट्रेलियात सुमारे १६४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातून जांभळ्या गंधक-जिवाणूंच्या रंगद्रव्याचे अवशेष निघाले आहेत. दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा. त्यापुढे माझा काही हजार वर्षांचा चिखल म्हणजे कालचा भात.

पानांवरच्या मेणावरून काय कळतं?

अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब घरंगळतो तो पानावरच्या मेणामुळे. "अळवावरचं पाणी" टिकत नाही, पण ज्याच्यामुळे ते टिकत नाही ते मेण मात्र हजारो वर्षं टिकतं.

या मेणात सरळ साखळीचे हायड्रोकार्बन असतात. वनस्पती आधी मेदाम्लं बनवते, आणि ती दोन-दोन कार्बन जोडत बनवते, म्हणून त्यांतल्या कार्बनची संख्या सम असते. शेवटच्या पायरीवर एक कार्बन गळतो आणि संख्या विषम होते: २७, २९, ३१, ३३. जमिनीवरच्या झाडाझुडपांच्या मेणात या विषम साखळ्यांचं राज्य असतं. यंत्रातून येणारा आलेख कंगव्यासारखा दिसतो, एक दात उंच, एक बुटका, पुन्हा उंच. शेवाळांच्या साखळ्या आखूड असतात, १५, १७, १९ कार्बनच्या. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती मध्येच, २३ आणि २५ च्या आसपास. पानांवरच्या मेणाचा हा नमुना एग्लिंटन आणि हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये व्यवस्थित मांडला आणि तेव्हापासून तो या क्षेत्राचा मूळपाठ आहे.

विषमांचं समांशी गुणोत्तर काढलं की आणखी एक गोष्ट हाती लागते. ताज्या पानांच्या मेणात ते पाचाच्या वर जातं. खनिज तेलात लाखो वर्षांच्या उष्णतेने सगळं सपाट होऊन ते एकाच्या जवळ येतं. म्हणजे कंगव्याचे दात एकसारखे दिसायला लागले की मी पहिल्यांदा विचारते: इथे होड्या किती आहेत आणि डिझेल कुठे भरतात?

पूर्वी इथे कांदळवन होतं की नव्हतं, हे सांगता येईल का?

बरेचदा हो, पण सांभाळून.

कांदळाच्या पानांत टॅराक्सेरॉल नावाचा पाच कड्यांचा अल्कोहोल-रेणू भरपूर असतो आणि तो गाळात चांगला टिकतो. एखाद्या थरात तो एकदम वाढला तर त्या काळी कांदळ जवळ होता असं म्हणायला आधार मिळतो. कोकणाच्या बाबतीत हे महत्त्वाचं, कारण आपल्या खाड्या म्हणजे बुडालेली नदीखोरी आहेत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळत गेला, पाणी वर चढत आलं आणि सुमारे ७००० वर्षांपूर्वी ही चढण बरीचशी मंदावली. कांदळ भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच वाढतो. म्हणून त्याची खूण ज्या खोलीवर सापडते, तिच्या जवळपास त्या काळची भरतीरेषा होती असा अंदाज बांधता येतो.

अडचण अशी की खाजणात सगळाच कांदळ नसतो. तिवर असतो, चिप्पी असते, हुरा असतो, काजळा असतो. तिवराच्या पानांत टॅराक्सेरॉल कांदळाच्या मानाने फारच कमी. तेव्हा निव्वळ तिवरांच्या रानाखालचा गाळ तपासून "इथे खारफुटी नव्हतीच" असं कुणी म्हणालं तर काठावरचा माणूस हसेल. टॅराक्सेरॉल सापडणं हा पुरावा आहे, न सापडणं हा पुरावा नव्हे. शिवाय हा रेणू कांदळाच्या एकट्याच्या मालकीचा नाही, जमिनीवरच्या काही झाडांतही तो थोडाफार असतो. म्हणून मी सोबत परागकणही पाहायला देते.

म्हणजे पुस्तकातली खूण कोकणात जशीच्या तशी लागू पडत नाही?

हा प्रश्न मला फार कमी लोक विचारतात. खरं तर तो सगळ्यात आधी विचारायला हवा. माझं सर्वात जास्त डोकं इथेच खर्ची पडतं.

उदाहरण गवताचं घेऊ. वनस्पती प्रकाशसंश्लेषण मुख्यतः दोन पद्धतींनी करतात, त्यांना सी-३ आणि सी-४ म्हणतात. जवळपास सगळी झाडं आणि भात सी-३. ज्वारी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं सी-४. दोन्हींच्या मेणातलं जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण वेगळं असतं: सी-३ च्या मेणाचं मूल्य साधारण हजारात उणे ३५ च्या आसपास, सी-४ चं उणे २० च्या आसपास. गाळातल्या २९ किंवा ३१ कार्बनच्या साखळीचं मूल्य मोजलं की झाडं जास्त होती की गवत, ते कळतं. पुस्तक पुढे सांगतं: सी-४ वाढलं म्हणजे हवामान कोरडं झालं.

आता रत्नागिरीच्या किंवा राजापूरच्या सड्यावर या. श्रावणात सडा गुडघाभर गवताने हिरवागार असतो. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणारी ही जमीन, आणि तिच्यावरचं बहुतेक गवत सी-४! कारण जांभ्याच्या कातळावर माती बोट-दोन बोटं. पाणी थांबत नाही, पावसाळा संपला की सात-आठ महिने सगळं करपून जातं, त्यात गुरं चरतात आणि वणवे लागतात. तिथे झाड उभं राहणं कठीण. म्हणजे खाडीत सी-४ चं मेण येण्यासाठी दुष्काळ पडायची गरज नाही. वरच्या सड्यावरून एक ओहोळ यायला लागला तरी पुरे.

त्यात शेतीची भर. खाली खाचरात भात, तो सी-३. वर डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, दोन्ही सी-४. गावाची वस्ती वाढली, लोकांनी रान तोडून उतारावर नाचणी घातली, माती सुटली आणि खाडीत आली. गाळात सी-४ चा आकडा चढला. याला दुष्काळ म्हणायचं की नाचणी?

म्हणून गाळ काढण्याआधी मी पानं गोळा करते. पाणलोटातली किमान चाळीस-पन्नास झाडं आणि गवतं: ऐन, किंजळ, आंबा, काजू, नाचणी, सड्यावरचं गवत, किनाऱ्यावर लावलेला सुरू, सगळी खारफुटी. प्रत्येकाच्या मेणाचा नमुना आधी मोजून ठेवायचा. पानं वर्तमानपत्रात दाबून वाळवायची सवय मात्र इथे सोडावी लागते, कारण छपाईच्या शाईत तेल असतं. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्येच ठेवायची.

धान्याची स्वतःची खूण असती तर किती बरं झालं असतं. चिना नावाच्या बारीक धान्यात मिलियासिन नावाचा रेणू भरपूर असतो आणि फ्रान्समधल्या एका सरोवराच्या गाळात तो सापडल्यावर तिथल्या जुन्या शेतीचा माग लागला. नाचणीसाठी इतकी सोपी खूण माझ्या हाती नाही.

राब भाजल्याची राखही दिसते का?

हो. लाकूड-पाला जळताना अनेक कड्यांचे हायड्रोकार्बन बनतात आणि लेव्होग्लुकोसान नावाचा साखरेचा भाऊबंद बनतो. दुसरा पाण्यात विरघळतो आणि लवकर नाहीसाही होतो, पहिले टिकतात. परदेशी शोधनिबंधांत रेटीन या रेणूवरून जंगलातल्या आगी ओळखतात, पण तो मुख्यतः सूचिपर्णी झाडांच्या राळेशी जोडलेला आहे आणि कोकणात ती झाडं नाहीत. इकडे कवळ तोडून दर वर्षी राब भाजतात, सड्यावर वणवा लागतो, घराघरात चूल असते आणि अलीकडे डिझेलचा धूर. या चौघांना वेगळं करणं अवघड जातं.

पूर्वी पाऊस किती पडायचा?

मिलिमीटरमध्ये आकडा मागू नका.

पाण्यात साधा हायड्रोजन असतो तसा थोडा जड हायड्रोजनही असतो. जोरदार पावसात जड हायड्रोजनचं प्रमाण सहसा कमी असतं. पान हेच पाणी वापरून मेण बनवतं. म्हणून मेणातल्या हायड्रोजनवरून पावसाचा कल लागतो. मोकळ्या जमिनीवर ही पद्धत चांगली चालते. खाजणात मात्र खारफुटीचं मेण मिसळतं, आणि खारफुटीच्या मेणातला हायड्रोजन पाण्याच्या खारटपणानेही बदलतो. तेव्हा कोकणातल्या खाडीच्या गाळावरून थेट पावसाची गोष्ट सांगायची तर खारफुटीचा वाटा आधी वजा करावा लागतो, आणि ती वजाबाकी कधीच नेमकी नसते.

महाराष्ट्रातल्या पावसाबद्दल मेणाने सर्वात स्पष्ट बोललेली जागा घाटावर आहे: लोणार. तिथल्या सुमारे दहा मीटर गाळावरून दोन लांबलचक कोरडे काळ दिसले, साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. गोदावरीच्या मुखासमोर, बंगालच्या उपसागरातून काढलेल्या गाळावर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही पानांच्या मेणावरून सुमारे ४००० वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे १७०० वर्षांपूर्वी कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पती वाढलेल्या दिसतात. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगवते, म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या पाठीवर. पण घाटाच्या त्या बाजूला निम्मा पाऊस घटला तर शेती बुडते, या बाजूला निम्मा घटला तरी दीड हजार मिलिमीटर उरतो आणि रान उभं राहू शकतं. घाटावरचा दुष्काळ कोकणावर चिकटवू नये.

समुद्र किती गरम होता ते कळतं का?

इतरत्र छान कळतं. काही सूक्ष्म समुद्री शेवाळं अल्केनोन नावाच्या ३७ कार्बनच्या साखळ्या बनवतात. पाणी गार असेल तर साखळीत तीन दुहेरी बंध असलेले रेणू जास्त, गरम असेल तर दोनवाले जास्त. १९८६ पासून हा थर्मामीटर वापरात आहे. पण २८-२९ अंशांच्या वर तीनवाले जवळपास संपतात आणि काटा तिथेच अडकतो. एप्रिल-मे मध्ये आपला अरबी समुद्र नेमका तिथेच असतो. शिवाय नदीमुखाचं गढूळ, गोडं पाणी या शेवाळांना मानवत नाही. पर्याय म्हणून आर्किया या सूक्ष्मजीवांच्या पडद्यातल्या मेदावर आधारलेला टेक्स-८६ हा निर्देशांक आहे, २००२ चा. खाडीत मात्र मातीतले तसलेच रेणू नदीबरोबर येऊन मिसळतात आणि घोटाळा करतात. तापमान हवं असेल तर खोल समुद्रात जावं. २०१५ मध्ये जॉइड्स रेझोल्यूशन या जहाजाने आपल्या पश्चिमेला लक्ष्मी खोऱ्यात समुद्रतळ खणला होता, तसल्या गाळात हे प्रश्न विचारावेत.

थराचं वय कसं ठरवता?

गेल्या शंभर-दीडशे वर्षांसाठी शिसे-२१०. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. जोडीला सीझियम-१३७, जे हवेतल्या अणुचाचण्यांतून आलं आणि १९६३ च्या सुमारास शिखरावर होतं. त्याआधीच्या काळासाठी कार्बन-१४, अर्धायुष्य ५७३० वर्षं.

ऐकायला सोपं, करायला चिडचिड. शिंपल्याचं वय काढलं तर समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो, म्हणून ते खऱ्याहून जास्त येतं. पानाचं मेण घेतलं तर ते आधी शेकडो वर्षं डोंगरावरच्या मातीत पडून मग खाडीत आलेलं असू शकतं. मला सर्वात विश्वासाचं वाटतं ते अख्खं पान किंवा बारीक काटकी, कारण तिला फार लांबचा प्रवास झेपत नाही.

आणि चिखल ढवळणारे तर कितीतरी. खेकडे बिळं करतात, निवट्या उड्या मारतात, तिसऱ्या काढायला बाया चिखल उकरतात, वाळूचे सक्शन पंप चालतात. जिथे बिळं दाट तिथे मी पाइप घालतच नाही.

परागकण आहेत, फोरामिनिफेरा आहेत. मग ही रसायनं कशाला?

कारण सगळ्यांचे सांगाडे उरत नाहीत. आम्लधर्मी चिखलात फोरामिनिफेराचं, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म एकपेशी जिवांचं, कवच विरघळतं. परागकण वाऱ्याने दूरवर जातात, आणि गवतांच्या निरनिराळ्या जातींचे परागकण सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे काढणं महाकठीण. रेणूंना कवच लागत नाही. पण रेणू वनस्पतीची जात सांगत नाहीत, फार तर गट सांगतात. दोघांना एकत्र बसवलं की काम होतं.

नमुना कसा घेता? नुसता पाइप ठोकला की झालं?

जवळपास. ओहोटीला, शक्यतो भांगाच्या दिवसांत नको, उधाणाच्या दिवसांत, म्हणजे सुकती लांबवर जाते. पाइप हळूहळू दाबत न्यायचा, वरून बूच लावायचं आणि हवेची पोकळी धरून तो उपसायचा. निघताना जो "फच्च" आवाज येतो त्याची वाट बघत दोघं-तिघं कमरेइतक्या चिखलात उभे असतात. मग पाइपातला गाळाचा दांडा, म्हणजे कोअर, उभा चिरायचा आणि एकेक सेंटिमीटरचे काप करायचे. कांदळवनातून गाळ काढायचा तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी लागते.

खरी कसरत स्वच्छतेची. पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने सगळे काप साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले. आलेखावर एक उंच शिखर आलं, खालपासून वरपर्यंत प्रत्येक थरात. दोन दिवस मी कुठल्या तरी अज्ञात शेवाळाचा शोध लागल्याच्या थाटात फिरत होते. ते पिशवीतलं थॅलेट निघालं, प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन. आता काप ४५० अंशांवर भाजलेल्या फॉइलमध्ये, मग काचेच्या बाटलीत, मग उणे २० अंशांत. चिखलात उतरताना सनस्क्रीन नाही, डास पळवणारं मलम नाही, आणि हातमोजा नसेल तर चिखलाला बोट नाही, कारण माणसाच्या त्वचेवरच्या तेलात स्क्वालीन आणि कोलेस्टेरॉल असतं. खाजणातले डास हे ऐकून खूश असतात.

प्रयोगशाळेत काय करता?

गोठवून वाळवायचं, कुटायचं, काही ग्रॅम गाळातून डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉलच्या मिश्रणाने मेद-मेण खेचून काढायचं. मग खाडीच्या गाळाचा नेहमीचा उपद्रव: गंधक. तो काढायला तांब्याचे तुकडे आम्लात धुऊन घेते. आमसुलाने घासलेल्या हंड्यासारखे ते गुलाबी चमकतात. अर्कात टाकले की बघता बघता काळे पडतात. काळे पडले की काढायचे, नवे टाकायचे, तुकडे गुलाबी राहीपर्यंत. एकदा एका कोअरच्या मधल्या थरांना पाच वेळा तांबं बदलावं लागलं होतं.

त्यानंतर सिलिका जेलच्या नळीतून हायड्रोकार्बन वेगळे, अल्कोहोल वेगळे, आम्लं वेगळी. शेवटी जीसी-एमएस: केसासारख्या बारीक, तीस किंवा साठ मीटर लांबीच्या गुंडाळलेल्या नळीतून रेणू एकेक करून बाहेर पडतात आणि पुढचं यंत्र त्यांचे तुकडे करून वजनावरून ओळखतं. ग्रॅमभर गाळात या मेणाचं प्रमाण काही मायक्रोग्रॅम, कधी त्याहून कमी.

२०२१ चा चिपळूणचा पूर गाळात दिसेल का?

दिसायला हवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने जे आणलं ते कुठे तरी बसलं असणारच. असा थर पोताने जरा जाड असतो, पानांचे तुकडे असतात, लांब विषम साखळ्यांचं मेण आणि मातीतल्या जिवाणूंचे रेणू एकदम वाढतात आणि डायटमांचे रेणू घटतात. असाच थर खोलवर दिसला तर जुना महापूर म्हणता येतो. मात्र पुराने आधीचा गाळ खरवडूनही नेलेला असतो. वहीतली पानं फाटली असतील तर नवं पान कितवं ते कळत नाही.

वाशिष्ठीत कोयनेचं पाणी येतं, त्याने काही फरक?

मोठा. १९६० च्या दशकापासून पोफळीच्या वीजघरातून सुटणारं पाणी वाशिष्ठीत येतं. कोकणातली इतर नदी उन्हाळ्यात खडखडीत कोरडी असताना हिला गोडं पाणी. खाडीच्या वरच्या भागात गोड्या पाण्यातल्या शेवाळांच्या खुणा वाढल्या तर त्याचं श्रेय पावसाला देऊ नये. म्हणून तुलनेसाठी मी दाभोळच्या जोडीने दुसरी, धरण नसलेली खाडी घेतेच.

सांडपाणी, तेल यांचा माग लागतो का?

यात जैवखुणा फार चोख आहेत. माणसाच्या आतड्यातले जिवाणू कोलेस्टेरॉलचं कोप्रोस्टॅनॉल करतात. ते गाळात सापडलं की मैलापाणी आलं, यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. तेलासाठी होपेन आणि स्टेरेन हे रेणू बोटांच्या ठशांसारखे काम करतात. पावसाळ्याच्या तोंडावर पुळणीवर डांबराचे गोळे येतात, त्यांतल्या होपेनांच्या प्रमाणावरून दोन गोळे एकाच तेलाचे आहेत का ते ताडून बघता येतं. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं होतं. तसली घटना वर्ष माहीत असल्याने गाळाचं वय तपासायलाही कामी येऊ शकते.

कातळशिल्पांचं वय यावरून काढता येईल?

नाही. शिल्प म्हणजे कातळात काढलेली खोदरेघ, तिच्यात मोजण्यासारखं काही नसतं. शिल्पाच्या खोबणीत आज जी माती आहे ती गेल्या पावसाळ्यातली असू शकते. सड्याजवळच्या एखाद्या जुन्या तळ्यात गाळ टिकून असेल तर त्या परिसरातल्या रानाबद्दल काही बोलता येईल. शिल्पं करणाऱ्यांबद्दल त्याने काहीच सिद्ध होणार नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांचा चेहरा इथे नेहमी पडतो.

आमच्याकडे विहीर खणताना जांभ्याखाली काळा कोळसा लागला. तोही तुमच्या कामाचा?

फार कामाचा, पण तो माझ्या चिखलापेक्षा कितीतरी जुना. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याखाली लिग्नाइटचे पातळ थर सापडतात आणि त्यांतल्या परागकणांवरून ते मायोसीन काळातले मानले जातात, म्हणजे काही दशलक्ष ते दोनेक कोटी वर्षांपूर्वीचे. त्यात राळेचे पिवळे-तपकिरी खडे दिसले तर फेकू नका. गुजरातेत वस्तानच्या लिग्नाइट खाणीतल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या राळेवरून, ती डिप्टेरोकार्प कुळातल्या झाडांची होती हे रसायनांनी दाखवलं. ही झाडं आज सह्याद्रीत मुख्यतः कर्नाटकापासून दक्षिणेकडे दिसतात. आणि नाही, या कोळशाखाली तेल नाही. हेही दर वेळी विचारतात.

मला हे शिकायचं आहे. कुठून सुरुवात करू?

रसायनशास्त्र किंवा भूशास्त्र, दोन्हींपैकी एक पक्कं करा आणि दुसरं वाचत राहा. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, पुण्यात आघारकर संशोधन संस्था, लखनौला बिरबल साहनी संस्था, मुंबईत आयआयटी. त्याआधी झाडं ओळखायला शिका. तिवर आणि चिप्पी यांतला फरक न कळणारा रसायनशास्त्रज्ञ खाडीवर फार काळ टिकत नाही, काठावरची पोरंच त्याची फिरकी घेतात.

आमच्या गावच्या खाजणातला चिखल पाठवला तर तपासाल का?

पाठवू नका. आधी कळवा: जागेचा फोटो, जवळ बंधारा आहे का, असल्यास तो कधी घातला हे गावातल्या कुणा म्हाताऱ्याला आठवतं का, वाळू उपसली जाते का, गेल्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. चिखलापेक्षा ही माहिती मला आधी हवी असते.

गेल्या वर्षी एक शिक्षक माझ्याकडे मोठ्या प्रेमाने चिखल घेऊन आले. मी कुठे तरी "प्लॅस्टिक नको, काच हवी" असं म्हटल्याचं त्यांच्या लक्षात होतं, म्हणून त्यांनी काचेची बरणी घेतली होती. लोणच्याची. घासून धुतलेली होती, पण झाकण उघडताच मोहरीचा वास आला. डायटमांच्या खुणांपैकी एक म्हणजे ब्रासिकास्टेरॉल, आणि त्याचं नावच मुळी मोहरीच्या कुळावरून पडलेलं आहे, कारण तो मोहरीवर्गातही असतो. तो चिखल यंत्रात घातला असता तर त्यांच्या गावच्या खाडीत डायटमांचा सुकाळ निघाला असता. मी बरणी परत दिली आणि भाजलेल्या फॉइलचे चार तुकडे व एक रिकामी बाटली दिली. सर पुढच्या उधाणाला पुन्हा जाणार होते.